नागपूर ते पुणे विमानानं : हवेत ६२ मिनिटं, घरून घरी पाच तास

मागच्या फेब्रुवारीपासून आईला घेऊन मी तीनदा विमानानं पुण्याला गेली आणि एकदा वंदे भारतनं. भाऊ वाकडला राहतो, आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, आणि इथे नागपुरात प्रताप नगरात आमच्या लाइनीत निम्म्या घरातली पोरं पुण्यातच आहेत, त्यामुळे जो भेटेल तो हेच विचारते की विमानानं किती वेळ लागते गं. म्हणून यावेळी मी ठरवलंच की मोबाइलमध्ये मिनिट-मिनिट लिहून ठेवायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, काहून की एका ट्रिपचा राग आहे आणि तो मला सगळ्या रिव्ह्यूवर सांडायचा नाही. हा रिव्ह्यू त्या रूटचा आहे, त्या सर्विसचा आहे.

आधी अंतर. नेटवर टाकलं की नागपूर-पुणे हवाई अंतर ६०५ किलोमीटरच्या आसपास दाखवते. ते बरोबर आहे, नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ दोरी ताणली तर तेवढंच भरते. पण विमान त्या दोरीवरून जात नाही. इथून उडताना धावपट्टी ज्या दिशेला तिकडे आधी जाते मग वळते, तिकडे उतरताना परत वळसा घालून धावपट्टीच्या सरळ रेषेत येते, आणि मध्ये ठरलेले हवाई मार्ग असतात. मी ट्रॅकिंगच्या ॲपवर पाहिलं तर आमचं विमान ६४० च्या आसपास उडालं. पस्तीस किलोमीटर म्हणजे हवेत तीन-चार मिनिटं, त्याचं काही वाटत नाही, पण आकडा वेगळा का येते ते कळलेलं बरं.

आणि या वेबसाइटी वेळ कसा काढतात तेही मला नंतर कळलं. अंतर घ्यायचं, ताशी ८०० नं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा, झालं. ६०५ ला ८०० नं भागलं की पाऊण तास, अधिक अर्धा, सव्वा तास. तिकिटावर मात्र दीड तास लिहून येते. लोक म्हणतात कंपनी वाढवून सांगते, पण तसं नाही, तिकिटावरची सुटायची वेळ म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलायला सुरुवात होते ती, आणि पोचायची म्हणजे तिकडे जागेवर येऊन थांबते ती. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत रांगत येणं, हे सगळं त्या दीड तासात आहे. चाक जमिनीवरून उचललं ते परत टेकलं हा हिशेब वेगळाच.

माझ्या तीन ट्रिपमध्ये तो ६२, ६६ आणि ६४ मिनिटं निघाला. फेब्रुवारीत परत येताना तर फक्त ५५. तिकडून इकडे येताना वेळ कमी लागते, हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारे असतात, येताना ते मागून ढकलतात, जाताना समोरून अडवतात. आई म्हणाली माहेरी येताना वाट लवकरच सरते, तिचं माहेर उमरेडचं.

एक गोष्ट बुकिंग करताना नक्की पाहा, विमान कोणतं आहे ते. जेट असेल, म्हणजे एअरबस ए-३२० वगैरे, तर वरचा हिशेब. पंख्याचं एटीआर असेल तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास, मग हाच प्रवास पावणेदोन तासाच्या घरात जाते, आणि पायऱ्या चढून जावं लागते. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांना फरक पडत नाही, आमच्या घरी पडते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असते, तो वाचा.

आता जमिनीवरचं, कारण खरा वेळ तिथेच जाते.

नागपूरकरांचं एक सुख मला पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावंसं वाटते, आमचं विमानतळ गावात आहे. प्रताप नगरातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाला, म्हणजे त्याच सोनेगावला, पहाटे १५ मिनिटात पोचतो. सीताबर्डीकडून येणाऱ्यांना मेट्रोची ऑरेंज लाइन आहे, एअरपोर्ट नावाचं स्टेशन वर्धा रोडवर आहे, तिथून टर्मिनल जरा आत आहे त्यामुळे बॅगा असतील तर पुढे ऑटो धरून चला, पायी नाही. मेट्रोनं जायचं तर पहिल्या गाडीची वेळ बघून घ्या, पहाटेच्या फ्लाइटला ती कामाची नाही.

पहिली ट्रिप, फेब्रुवारी, सकाळची ७.२५ ची फ्लाइट. घरून ५.४० ला निघालो. ५.५५ ला टर्मिनलच्या दारात. व्हीलचेअर मी तिकीट काढतानाच मागितली होती, दोन दिवस आधी फोन करून परत पक्की केली, आणि एक पोरगा दारातच घेऊन उभा होता, आईला "आजी, शाल घ्या, आत एसी फार आहे" म्हणाला. चेक-इन, सिक्युरिटी सगळं मिळून अर्धा तास. ७.२२ ला विमान हललं, ७.३४ ला उडालं, ८.३६ ला लोहगावला टेकलं, ८.४४ ला जागेवर. व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, तेवढा वेळ धरा. बॅग ९.१० ला, कॅब ९.२५ ला, भावाच्या दारात १०.३५. एकूण ४ तास ५५ मिनिटं, आणि आईनं तिथे पोचून सुनेच्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि नातवाला शाळेतून आणायला खाली गेली. ट्रॅव्हल्सनं गेलो असतो तर तो अख्खा दिवस तिला पडून राहावं लागलं असतं. मी पैसे या एका गोष्टीचे मोजले.

दुसरी ट्रिप मे महिन्यातली, आणि ती मला अजून आठवते. संध्याकाळची ६.१० ची फ्लाइट. घरून ४.२५ ला निघालो, ४५ डिग्रीच्या उन्हात, आत गेल्यावर मेसेज आला की फ्लाइट ७.३० ला. मग ८.१५. मग ८.५०. दर वेळी थोडं थोडं पुढे, एकदाच खरं सांगितलं असतं तर मी आईला घरी नेऊन निजवलं असतं आणि परत आणलं असतं, घर पंधरा मिनिटावर आहे बाप्पा! काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर तिलाच माहीत नव्हतं. माहिती नसणं मी समजू शकते, पण ज्यांना माहीत होतं त्यांनी प्रवाशांना का नाही सांगितलं, याचं उत्तर मला अजूनही मिळालेलं नाही, मेल केला होता, साच्यातलं उत्तर आलं.

इथे एक कामाची गोष्ट. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे की अडीच तासापर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं. आम्ही जाऊन मागितलं तेव्हा सँडविच आणि ज्यूस निघाला, तोपर्यंत कोणी स्वतःहून बोललं नाही. माझ्या मागे एक काका लहान नातीला घेऊन बसले होते, त्यांना हा नियम माहीतच नव्हता, मग मीच सगळ्या लाइनीत सांगत गेली. तुम्हीपण मागा, लाजू नका, तो हक्क आहे. सहा तासाच्या वर उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात, तेही लक्षात ठेवा.

त्या दिवशी ९.०२ ला उडालो, १०.०८ ला टेकलो, हवेत ६६ मिनिटं. वाकडला रात्री ११.५०. घरून घरी ७ तास २५ मिनिटं. म्हणजे ६०५ किलोमीटर तेवढेच, विमान तेच, वेग तोच, आणि अडीच तास जास्त. पण त्या रात्री रस्ते रिकामे होते म्हणून कॅबनं ५० मिनिटात नेलं, ते आठवणीनं लिहिते.

उशीर का झाला ते मी नंतर ॲपवर मागे जाऊन पाहिलं. तेच एक विमान सकाळपासून या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारत असते, सकाळी कुठे वीस मिनिटं गेली, दुपारी कुठे पाऊस, कुठे उतरायला जागा नाही, ते सगळं साचत साचत संध्याकाळच्या फ्लाइटवर येऊन पडते. म्हणून माझं स्पष्ट मत, म्हातारी माणसं किंवा लेकरं सोबत असतील तर दिवसाची पहिली किंवा दुसरी फ्लाइटच घ्या, पाचशे-हजार जास्त लागले तरी. पहाटे चारला उठणं परवडते, रात्री खुर्चीवर बसून आईचे पाय सुजलेले बघणं नाही परवडत.

तिसरी ट्रिप नोव्हेंबरमधली, शुक्रवारची दुपार. तेव्हा आंबिया बहाराची संत्री आली होती, भावानं सांगितलं ताई तिथली संत्री आण, इथे मिळते त्याला चव नाही. १५ किलोत किती आणणार, तरी सहा किलो संत्री, संत्रा बर्फीचे दोन डबे आणि आईच्या हातचं आंब्याचं लोणचं. लोणचं चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत ठेवलं तर सिक्युरिटीवर काढून घेऊ शकतात. आणि पॉवर बँक याच्या उलट, ती हातातच ठेवायची. मागच्या बाईचं लोणचं तिथेच राहिलं, तिचा चेहरा पाहवत नव्हता, घरचं लोणचं होतं ते.

ती फ्लाइट अगदी वेळेवर. घरून ३.१० ला निघालो, ४.५५ ला हललो, ५.०८ ला उडालो, ६.१२ ला टेकलो. ६.५५ ला कॅबमध्ये. आणि वाकड ८.५०. म्हणजे नागपूरहून पुण्याला, अख्खा विदर्भ-मराठवाडा ओलांडून ६४ मिनिटं, आणि लोहगावहून वाकड, पंचवीसेक किलोमीटर, ११५ मिनिटं. मी परत परत मोजलं. शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिस सुटलेले, कॅबवाला दादा बिचारा साताऱ्याचा होता, तो म्हणे ताई रोजचंच आहे. म्हणून पुण्यात कोणत्या भागात जायचं आहे त्यावर हा रिव्ह्यू बदलते. विमान नगर, खराडी, कल्याणी नगरकडे उतरणाऱ्यांना हा रूट सोन्यासारखा आहे, वीस-पंचवीस मिनिटात घरी. वाकड, हिंजवडी, बावधनवाल्यांनी संध्याकाळी ५ ते ८ मध्ये उतरणारी फ्लाइट शक्यतो घेऊच नये.

लोहगावबद्दल एवढंच की ती धावपट्टी हवाईदलाची आहे, तिथून सुखोईही उडतात, त्यामुळे आपल्या विमानांना वेळा मर्यादित मिळतात. नवीन टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं आणि जुलैपासून ते वापरात आलं, आतून मोकळं आहे, बसायला जागा आहे, आईला बाथरूम जवळ सापडलं हे माझ्यासाठी महत्त्वाचं. परतीला वाकडहून निघताना मात्र मी फ्लाइटच्या साडेतीन तास आधी घर सोडते, कोणी हसलं तरी चालेल. बहुतेक कंपन्यांचं बॅग घ्यायचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होते, आणि तिथे एक मिनिटाची गय नसते.

आता रेल्वेशी तुलना, कारण खरा प्रश्न तोच आहे.

१० ऑगस्ट २०२५ ला अजनी (हे नागपूरचंच स्टेशन) ते पुणे वंदे भारत सुरू झाली, सप्टेंबरमध्ये आम्ही तिनं गेलो. सकाळी ९.५० ला अजनी, रात्री ९.५० ला पुणे, बारा तास, ८८१ किलोमीटर. विमानाचे ६०५ आणि रेल्वेचे ८८१, पावणेतीनशेचा फरक कुठून येते? नकाशा काढा म्हणजे दिसते. गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव करत भुसावळला जाते, आणि भुसावळ जवळपास नागपूरच्याच अक्षांशावर आहे, म्हणजे चारशेएक किलोमीटर पळून गाडी पश्चिमेला सरकली पण दक्षिणेला म्हणाल तर काहीच नाही. मग जळगाव, मनमाड, आणि तिथून एकदम खाली कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड, पुणे. काटकोन आहे तो. विमान त्या काटकोनाची तिरपी बाजू कापते.

ती तिरपी रेष मी फूटपट्टीनं नकाशावर ओढून पाहिली, भावाच्या पोरासोबत, त्याला भूगोलाचा प्रोजेक्ट होता. नागपूरहून निघाली की वर्ध्याच्या थोडी वरून, मग जवळजवळ बरोबर वाशिमवरून, जालना आणि बीडच्या मधून, अहिल्यानगरच्या जरा खालून पुणे. आणि लोणार सरोवर रेषेच्या थोडंसंच उत्तरेला, जायकवाडीचा नाथसागरही उत्तरेला, म्हणजे पुण्याला जाताना उजव्या खिडकीत. फेब्रुवारीत आई उजवीकडे होती, हवा स्वच्छ होती, आणि उडून पंचवीसेक मिनिटांनी तिनं माझा हात दाबला, खाली गोल हिरवट डोळा. लोणार! दोन किलोमीटरला जरा कमी रुंदीचं ते विवर वरून एका नजरेत मावते. आई लग्नानंतर बाबांसोबत एसटीनं तिथे गेली होती, खाली उतरून गेली होती पाण्यापर्यंत. ती काही बोलली नाही, फक्त खिडकीला कपाळ टेकवून मागे मागे बघत राहिली. बाबा जाऊन आता सहा वर्षं होतील. पुढे नाथसागरही दिसला, चांदीचा पत्रा पसरल्यासारखा. विमानाचा रस्ता रोज सारखाच असेल असं नाही, ढग असले तर काहीच नाही, पण सीट निवडताना पैसे द्यावे लागत असतील तर जाताना उजवीकडची आणि पंखाच्या पुढची घ्या.

वंदे भारतचा हिशेब असा, घरून ९.१५ ला निघालो, वाकडला १०.५० ला रात्री, साडेतेरा तास. कागदावर बारा तास विरुद्ध एक तास असा फरक वाटते, प्रत्यक्षात साडेतेरा विरुद्ध पाच, आणि वाईट दिवशी साडेसात. गाडी चांगली आहे, वेळेवर आली, जेवण गरम, आईला उठून फिरता आलं, शेगावला तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. पण बारा तास खुर्चीवर बसून तिची कंबर धरली, झोपायची सोय नाही ना त्यात. तरुण माणसं असतील, सामान जास्त असेल, दिवाळीत विमानाचं तिकीट अकरा हजार दाखवत असेल, मी दाखवताना पाहिलं आहे, तर बिनधास्त वंदे भारत. एरवी आम्हाला दीड-दोन महिने आधी काढलं तर साडेचार हजाराच्या आत मिळालं.

बाबा असते तर त्यांना हे सगळे आकडे फार आवडले असते. लहानपणी नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडाला घेऊन जायचे, त्या चार घोड्यांजवळ उभं करून दगडावरची गावं आणि मैल वाचायला लावायचे, हैदराबाद ३१८ मैल, म्हणजे पाचशे बारा किलोमीटर. आज हैदराबादचं हवाई अंतर पाहिलं तर ४३३ आहे. ते अजून एक सांगायचे, १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली होती, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही बाजूंनी डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्री आपल्या सोनेगावला येऊन भेटायची, टपालाची पोती अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूरहून हवाई अंतर मुंबई ६८०, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५ च्या आसपास. चौघांनाही रात्रीतून येऊन परत जाता येईल असं हेच एक गाव होतं. आता त्याच सोनेगावला मी आईची व्हीलचेअर ढकलते तेव्हा मला ते आठवते.

रेटिंग म्हणाल तर हवेतल्या प्रवासाला पाचपैकी पाच, विमान स्वच्छ, पायलट मराठीतूनही दोन शब्द बोलला एकदा. व्हीलचेअरच्या पोरांना पाच. उशिराच्या वेळी माहिती देण्याला एक, आणि तो एकसुद्धा त्या काउंटरवरच्या मुलीच्या गोड बोलण्यासाठी. लोहगाव ते वाकडला मी मार्क देत नाही, तो कंपनीचा दोष नाही.

पुढच्या महिन्यात भावाच्या पोराची मुंज आहे. आईचं तिकीट सकाळचं काढलं, जेट आहे का ते पाहिलं, व्हीलचेअर मागितली, आणि सीट उजवीकडची, खिडकीची.